वर्षभर थांबायचा नियम तुझ्यासाठी नाही

ताई,

माझं वय २९, नवऱ्याचं ३३. लग्नाला तीन वर्षं झाली. घणसोलीला सासू-सासऱ्यांबरोबर राहतो. सासरे एपीएमसी मार्केटला माथाडीत होते, आता घरीच असतात. मी ऐरोलीत एका कंपनीत नाइट शिफ्टला आहे. नवरा न्हावाशेवाला जातो, सकाळी सहाला निघतो. मी घरात शिरते आणि तो बाहेर पडतो, असं आठवड्याचे पाच दिवस चालतं.

आठ महिने झाले, आम्ही चान्स घेतोय. माझी पाळी पहिल्यापासूनच वेळेवर नाही. गेल्या वर्षातलं अंतर ॲपवर आहे: ४७ दिवस, ३८, ६१, मग ९२, मग ४४. ती ९२ दिवसांची पाळी गोळ्या घेऊन आणली होती. आता पुन्हा ५२ दिवस झालेत. केमिस्टकडून त्याच गोळ्या आणून ठेवल्यात, सोमवारपासून घेणार आहे. ॲपवर जे दिवस दाखवतात, बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत, ते आम्ही रजा टाकून पाळले. ओव्ह्युलेशनचं किट आणलं, तर सहा दिवस ओळीने दुसरी रेघ गडद. मागच्या पाळीच्या आधी एका लॅबचं पॅकेज केलं. त्यात एएमएच ७.८ आणि एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन ०.६ आलं. मैत्रीण म्हणते, तुझं अंडंच तयार होत नाही.

नवरा म्हणतो, वर्ष तर होऊ दे. त्याच्या तपासणीचं विचारलं तर म्हणाला, "पाळी तुझी चुकते, माझी कशाला तपासणी?" सासूबाई वाईट नाहीत, पण पाळी आली की त्यांचा चेहरा उतरतो. गावाहून काढ्याची बाटली मागवली आहे त्यांनी. माझं वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. मी अजून थांबू का? आणि माझंच काही चुकलं का?

– घणसोलीची एक वाचक

अगं,

तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी तुला एका ओळीचा मेल टाकला: सोमवारच्या गोळ्या सुरू करण्याआधी लघवीची टेस्ट कर. पाळी होऊन ५२ दिवस झालेत, दोघांचे प्रयत्न चालू आहेत, आणि टेस्ट केल्याचं पत्रात कुठेच नाही. ज्यांची पाळी कायम पुढे जाते त्यांचं असंच होतं. बाकीच्या बायका पाळी दोन दिवस लांबली की आशेने किट आणतात, आणि तुझ्यासारख्या म्हणतात, "माझं काय, नेहमीचंच." तू दुसऱ्याच सकाळी टेस्ट केलीस, एकच रेघ आली म्हणून कळवलंस. कळवलंस ते बरं केलंस. पण आठ दिवसांनी ती परत कर, कारण बीज उशिरा सुटलं असेल तर पहिल्या टेस्टला काही दिसत नाही. तोवर गोळ्यांची ती स्ट्रिप कपाटात राहू दे. आणि यापुढे कधीही टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्यासोबत ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा अंगावरून जायला लागलं, तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा, मध्यरात्र असली तरी.

आता तुझा प्रश्न. थांबू नकोस.

वर्षभर प्रयत्न करा, मग या, असं डॉक्टर सांगतात हे खरं आहे. तुझ्या नवऱ्याने काही चुकीचं वाचलेलं नाही. पण तो नियम पस्तिशीच्या आतल्या आणि महिन्याच्या महिन्याला पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. पस्तिशीनंतर तीच मुदत सहा महिन्यांची होते. आणि ज्या बाईची पाळी ३५ दिवसांच्या पुढे पुढे जाते तिला यातली कुठलीच मुदत लागू नाही. मूल हवं असं दोघांनी ठरवलं की लगेच डॉक्टरांकडे जायचं.

असं का, ते तुझ्याच तारखांवरून सांगते. ओपीडीत सिस्टर म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली, आणि केस पेपरवर ज्या ओळीवरून लोकांची नजर घसरते ती ओळ म्हणजे पाळीच्या तारखा. तुझ्या तारखा घेऊन मी कागदावर मोजत बसले.

बीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १२ ते १४ दिवस आधी. हा मागचा टप्पा बहुतेक बायकांत फारसा हलत नाही. हलतो तो पुढचा टप्पा, पाळी आल्यापासून बीज पिकेपर्यंतचा. २८ दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस येतो, म्हणून सगळीकडे चौदावा दिवस लिहिलेला असतो. तुझं तसं नाही. तुम्ही प्रयत्न सुरू केले तेव्हा तुझं ते ६१ दिवसांचं चक्र चालू होतं. त्यात बीज सुटलंच असेल तर सत्तेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. ४४ दिवसांच्या चक्रात तिसाव्याच्या आसपास. मधल्या ९२ दिवसांना हा हिशेब लावताच येत नाही, कारण ती पाळी गोळ्यांनी आली होती. आणि तुम्ही दोघं रजा टाकून भेटत होता ते बाराव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत. पुरुषाचं बीज आत जास्तीत जास्त पाच दिवस टिकतं, बाईचं सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास. बाराव्या-सोळाव्या दिवसाचे प्रयत्न तिसाव्यापर्यंत कसे पुरणार?

म्हणजे कॅलेंडरवर आठ महिने दिसतात, पण आत्ताचं चक्र सोडलं तर त्यात तुला संधी आल्या त्या फार तर दोन, आणि दोन्ही वेळा तुम्ही भलत्याच दिवशी जवळ होता. नियमित पाळीच्या बाईला वर्षात बारा-तेरा वेळा बीज सुटतं. वर्षभर थांबा म्हणतात ते या बारा-तेरा संधी धरून. तुला तितक्या संधी मिळायला तुझ्या चालीने तीन-चार वर्षंही जातील. हा कागद नवऱ्याला दाखव. अगदी याच आकड्यांसकट दाखव, कारण तो कामावर कंटेनरच्या वेळापत्रकाचा हिशेब करणारा माणूस आहे, त्याला हे लगेच कळेल.

हाच धागा धरून तुझ्या प्रोजेस्टेरॉनच्या रिपोर्टकडे ये. हे हार्मोन बीज सुटल्यानंतर वाढतं आणि सुटल्यावर साधारण सात दिवसांनी भरात असतं. तीनच्या वर आकडा आला तर बीज सुटलं असं धरतात. एकविसावा दिवस हा पुन्हा त्या २८ दिवसांच्या पाळीचाच दिवस आहे. तुझं रक्त एकविसाव्या दिवशी घेतलं आणि ते चक्र ४४ दिवसांचं निघालं. बीज सुटायचं ते तिसाव्याला, मग एकविसाव्याला ०.६ च येणार. त्यावरून "अंडंच तयार होत नाही" हा निकाल मैत्रिणीने द्यायला नको होता. तयार होतं की नाही ते त्या रिपोर्टवरून कळतच नाही.

किटचंही तेच. ते किट बीज सुटण्याआधी वाढणारं एलएच नावाचं हार्मोन पकडतं. ज्यांना पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाचा पाळी लांबवणारा त्रास, असतो त्यांच्यात हे हार्मोन मुळातच चढं राहू शकतं, म्हणून सहा-सहा दिवस रेघ गडद दिसते. किट खराब नव्हतं आणि तूही चुकली नव्हतीस. तुझ्या शरीराला ते किट लागू पडत नाही, एवढंच.

एएमएच ७.८ वाचून रात्रभर जागली असशील. बीजांडकोशात जे बारीक बारीक फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, असतात ते हे हार्मोन सोडतात. तुझ्यात ते पुष्कळ असावेत, म्हणून आकडा मोठा. बीजांचा साठा कमी झाला की हा आकडा खाली जातो, तुझं उलट आहे. आपणहून दिवस राहतील की नाही हे या टेस्टवरून सांगता येत नाही. मला राग येतो तो या पॅकेजांचा. महागडी एएमएच केली, आणि थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या दोन साध्या टेस्ट त्यात असल्याचं तू लिहिलेलं नाहीस. पाळी लांबणाऱ्या बाईच्या बाबतीत आधी याच बघायच्या असतात. नुसता थायरॉइड बिघडलेला असायचा, रोजची एक गोळी सुरू झाली की पाळी रुळावर यायची, अशा किती जणी मी पाहिल्या.

पीसीओडी, पीसीओएस हे शब्द तू पत्रात कुठे लिहिले नाहीस, पण तुझ्या मनात ते आहेतच हे मला दिसतंय. तीन गोष्टींपैकी दोन जुळल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं नाहीत असं दिसलं, की डॉक्टर ते नाव देतात: पाळी लांबणं, हनुवटीवर-ओठांवर राठ केस किंवा रक्तात पुरुषी हार्मोन जास्त असणं, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात खूप फॉलिकल दिसणं. २००३ पासून हीच पद्धत आहे, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सोनोग्राफीऐवजी एएमएच धरायलाही मुभा दिली. म्हणजे तुझा तो रिपोर्ट अगदीच वाया गेला नाही. पण नुसत्या सोनोग्राफीवर "पीसीओडी" लिहून आलं म्हणजे झालं, असं नसतं. साखरेची तपासणीही करून घे, ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती. या त्रासात साखर चढायचा धोका असतो आणि गरोदरपणाआधी ते कळलेलं बरं.

आता त्या गोळ्या. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ओपीडीत बायका रुमालाच्या गाठीतून अर्धी संपलेली स्ट्रिप काढून दाखवायच्या आणि सांगायच्या, "सिस्टर, ह्या घेतल्या की येते हो पाळी." येतेच. ती गोळी प्रोजेस्टेरॉनसारखं काम करते. घेताय तोवर गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते, बंद केली की काही दिवसांत अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. बीज पिकलं, सुटलं, याच्याशी त्या रक्ताचा काही संबंध नाही. तारखेला लाल रंग दिसला म्हणून बाईला वाटतं गाडी सुरू झाली, आणि वर्षं निघून जातात. एक बाई आठवते, कळव्याची, चार वर्षं दर दीड-दोन महिन्यांनी केमिस्टकडून आणून घेत होती. कुणी तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुला मूल हवंय का.

गोळी वाईट नाही. तीन-तीन महिने पाळीच आली नाही तर अस्तर साठत राहणंही बरं नसतं, तेव्हा डॉक्टर ती मुद्दाम देतात. कधी तपासणी किंवा औषध सुरू करायला पहिला दिवस हवा म्हणूनही देतात. पण ते डॉक्टरांनी, आधी गरोदरपणाची टेस्ट बघून. केमिस्टच्या काउंटरवरून, स्वतःच्या मनाने नाही.

नवऱ्याबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे, कारण तो तुझा शत्रू नाही. रजा टाकून घरी थांबणारा माणूस आहे तो. पण "पाळी तुझी चुकते" हे त्याचं उत्तर मला पटलं नाही. तुझी पाळी चुकते हे खरं आणि त्याचं बीज कमी आहे हेही खरं, असं एकाच घरात असू शकतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत तिसरा हिस्सा तरी असा असतो, बरेचदा त्याहून जास्त, जिथे पुरुषाच्या बाजूनेही काही कारण सापडतं. बाईला महिनोन्महिने औषधं द्यायची, सोनोग्राफ्या करायच्या, आणि मग कधीतरी आठवण होऊन पुरुषाची तपासणी करायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका जोडप्यात बाईची दुर्बीण, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, झाली होती, दीड वर्ष औषधं झाली होती, आणि मग त्याचा रिपोर्ट आला तो शून्य. तो माणूस ओपीडीच्या बाकावर बसून रडला. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, यात त्याचा काय दोष?

तपासणी सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध नाही, मग लॅबने दिलेल्या डबीत नमुना. साबण, तेल, साधा कंडोम काही वापरायचं नाही. सगळा नमुना डबीत यायला हवा, सुरुवातीचा थोडासा जरी सांडला तरी लॅबला सांगायचं, कारण बीज तिथेच जास्त असतं. शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचा असेल तर तासाभराच्या आत पोचला पाहिजे, आणि डबी शर्टाच्या आत, अंगाशी धरून न्यायची. म्हणून घणसोली-कोपरखैरणेतलीच लॅब बघा, डबी घेऊन ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत शिरू नका. रिपोर्टमध्ये एका मिलिलिटरला १६० लाख हा खालचा आकडा धरतात, पण आकडा कमी आला म्हणून घाबरायचं नाही. मधल्या तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल तरी कमी येतो. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे परत तपासून मगच बोलायचं. तंबाखू, गुटखा, सिगरेट असेल तर आत्ताच थांबव म्हणावं. आणि जिममध्ये कुणी अंग भरायची इंजेक्शनं दिली असतील तर त्याने डॉक्टरांना ते न लाजता सांगायचं. बाहेरून पुरुषी हार्मोन घेतलं की आतलं बीज तयार होणं थंडावतं, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही.

त्याला सांगताना "तुझ्यात काही प्रॉब्लेम असेल" असं म्हणू नकोस. "माझं औषध सुरू करायच्या आधी डॉक्टर दोघांचे रिपोर्ट मागतात" असं म्हण. खरंच मागतात, आणि जे मागत नाहीत त्यांच्याकडे परत जाऊ नये असं माझं मत आहे.

कुठे जायचं? पहिल्या दिवशी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरचा बोर्ड बघून आत शिरायची गरज नाही. चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञापासून सुरुवात कर. पैशाची अडचण असेल तर वाशीला महापालिकेचं रुग्णालय आहे, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, दोन्हीकडे स्त्रीरोगाची ओपीडी चालते. रांग लागते, पण पहिल्या तपासण्या तिथे होतात. पहिल्याच भेटीत कुणी लाखाचं पॅकेज पुढे ठेवलं आणि आजच सही करा म्हणालं, तर उठून घरी ये. २०२१ च्या कायद्याने आयव्हीएफ आणि आययूआय (पुरुषाचं बीज नळीने गर्भाशयात सोडणं) करणाऱ्या प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, पुढे कधी तिकडे जायची वेळ आली तर आधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघायचं.

तुझं जर पीसीओएस निघालं आणि नवऱ्याचा रिपोर्ट ठीक असला, तर बहुतेक करून लेट्रोझोल नावाची गोळी मिळेल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. खोक्यातली चिठ्ठी वाचशील तर तिथे स्तनाच्या कॅन्सरचं औषध लिहिलेलं असेल आणि तुझे हातपाय गळतील, म्हणून आधीच सांगते. ते मूळ त्याच कामाचं औषध, पण थोड्या दिवसांसाठी थोड्या मात्रेत घेतलं की बीज पिकवायला मदत करतं. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. त्यामुळे कुणी मोठ्या बहिणीने "अगं, त्यावर बंदी आहे" असं सांगितलं तर ती जुनी गोष्ट सांगतेय. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवर अभ्यास झाला, त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेन या जुन्या गोळीवर १९.१ टक्के जणींना. तेव्हापासून हीच पहिली गोळी झाली. सोबत मेटफॉर्मिन दिली तर मला डायबेटिस झाला असं समजू नकोस, ती या त्रासातही देतात.

गोळी घेऊन घरी बसायचं नसतं. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून फॉलिकल किती वाढलं ते बघतात, आपल्याकडे सगळे त्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. १८ ते २० मिलिमीटरला आलं की डॉक्टर दिवस सांगतात, काही वेळा फुटायला इंजेक्शन देतात. हे बघणं यासाठीही लागतं की एकदम दोन-तीन वाढली तर जुळ्यांची शक्यता असते. म्हणूनच सांगते, मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप घेऊ नकोस. आणि डॉक्टर घराजवळचा निवड. पहाटे शिफ्ट सुटल्यावर ऐरोलीहून दादरला सोनोग्राफीला जायचं, असं महिन्यातून चार वेळा कुणाला जमतं? तीन-चार चक्रं नीट झाली आणि काही झालं नाही, तर मग नळ्यांची तपासणी, पुढचं पाऊल. नळ्यांत पाणी सोडून फोटो काढतात ती तपासणी पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत होते, थोडं दुखतं, तासाभरात घरी येता येतं. "आधी दुर्बीण करून टाकू" असं कुणी म्हणालं तर का ते विचार.

सोनोग्राफीतला तो एक दिवस कळेपर्यंत ॲपवरचे दिवस सोडून दे. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले की कुठल्याही दिवशी बीज सुटलं तरी चालतं. तुमचे शनिवार-रविवार असतातच, मध्ये बुधवारी एक जागा काढा. तारीख बघून, रजा टाकून, दाराला कडी घालून करायचं काम झालं की नवरा-बायकोमधलं प्रेम आटतं, हे मला बायकांनी सांगितलंय, आणि नवऱ्यांनीही एकदोनदा खाली बघत सांगितलंय.

वजनाचं लिहायला हात धजत नाही, कारण तुला सगळेच ते सांगत असतील. वजन कमी कर, आपोआप होईल, असं म्हणून बाईला दारातून परत पाठवणं मला मान्य नाही. तपासणी आणि उपचार वजनासाठी अडवून ठेवायचे नसतात. पण ७४ मधले चार किलो जरी गेले तरी काही बायकांची पाळी सुधारते, औषधालाही शरीर चांगली साथ देतं. तेवढंच धर, साठ किलोचं स्वप्न नको. रात्री दोनच्या ब्रेकला कँटीनचा वडापाव किंवा मॅगी असते ना? घरून भाकरी आणि उसळ ने, डबा सासूबाई आनंदाने करून देतील. शिफ्टवरून आल्यावर पडदे लावून सलग झोप. आणि एचआरला डॉक्टरांची चिठ्ठी देऊन काही महिने दिवसाची शिफ्ट माग. कारण लिहायची गरज नाही, "वैद्यकीय उपचार" एवढं पुरतं.

फॉलिक ॲसिड आजपासून, रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहण्याआधी महिनाभर तरी पोटात असावं लागतं, बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी. केमिस्टकडे बहुतेक ५ मिलिग्रॅमची मिळते, तुला कुठली ते डॉक्टरांना विचार. रुबेलाची लस झाली आहे का तेही विचारून घे, राहिली असेल तर घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं.

राहिल्या सासूबाई. त्यांचा चेहरा उतरतो तो तुझ्यावरचा राग नसावा, असं तुझ्याच पत्रावरून वाटतं. त्यांच्या काळात लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलला नाही तर गावभर बोलणं व्हायचं, ती भीती त्यांच्या अंगात मुरलेली आहे. त्यांना अर्धवट काही सांगू नकोस. शेजारी बसून सांग, "आई, माझी पाळी लांबते, त्यामुळे बीज वेळेवर पिकत नाही. त्याला औषध आहे. आम्ही दोघं डॉक्टरांकडे चाललोय." दोघं, हा शब्द नवऱ्यासमोर म्हण. नवस बोलल्या असतील तर बोलू देत, त्यात कुणाचं काही जात नाही. पण काढ्याच्या बाटलीवर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नकोस, औषधं सुरू असताना आणि दिवस राहिलेले असू शकतात अशा काळात तर मुळीच नाही. बाटली डॉक्टरांना नेऊन दाखव. "डॉक्टर म्हणाले थांबा" हे सासूबाईंना तुझ्या नकारापेक्षा सोपं जाईल.

माझंच काही चुकलं का, असं तू शेवटी विचारलंस. नाही गं. पाळी अशी येणं हे तू केलेलं नाहीस. उशिरा झोपून, बाहेरचं खाऊन, आधी दोन वर्षं प्लॅनिंग करून तू ते ओढवून घेतलं नाहीस. पहिल्या पाळीपासून ते तुझ्यासोबत आहे आणि तेव्हापासून कुणी नीट बघितलं नाही.

डॉक्टरांकडे जाताना ॲप उघडून दाखवू नकोस. फुलस्केपवर गेल्या वर्षातल्या पाळ्यांच्या तारखा एकाखाली एक लिही, कुठली गोळ्यांनी आली तिच्यापुढे "गोळी" असं लिही, किती दिवस आणि किती गेलं तेही लिही. लॅबचे रिपोर्ट, गोळ्यांची स्ट्रिप, काढ्याची बाटली एका पिशवीत. शनिवारची अपॉइंटमेंट घे, म्हणजे नवऱ्याला रजा टाकावी लागणार नाही. आठ दिवसांनंतरच्या टेस्टला एक रेघ येते की दोन, ते मला कळव.